लक्क्याची शेपूट आणि जयंतीभाईंची जीप

लक्का जातीच्या कबुतराच्या शेपटीत किती पिसं असावीत आणि ती कशी उभी राहावीत, या विषयावर सलग दोन तास बोलू शकेल असा माणूस छत्रपती संभाजीनगरात एकच होता, आणि सलग दोन तास ऐकू शकेल असा एकही नव्हता. बोलणारा माणूस म्हणजे फारूखभाई पटेल. पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त, राहणार पडेगाव, रो-हाउस नंबर अकरा, गच्चीवर कबुतरांची ढाबळ आणि ढाबळीत चौतीस लक्के.

साधं कबूतर शेपटीत बारा पिसं घेऊन जन्माला येतं आणि त्यातच समाधान मानतं. लक्क्याचं तसं नाही. तिसाच्या वर पिसं, ती मोराच्या पिसाऱ्यासारखी उभी, छाती पुढं, मान मागं, पायांत पिसांचे मोजे. चालताना बघावं तर वाटतं, पक्षी आजच जिल्हाधिकारी म्हणून रुजू झालाय. पण हे सगळं फारूखभाईंकडून ऐकलेलं बरं. किंवा न ऐकलेलं.

त्यांची मुलगी तहरीम पुण्याला नोकरी करते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली असताना तिनं वडिलांचं हे शेपटीवरचं बोलणं मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि इंटरनेटवर टाकलं. हेतू एवढाच, की अब्बांना बोलायचं असेल तेव्हा त्यांनी ते लावून स्वतःच ऐकावं. सहा महिन्यांत ते सहाशे अकरा लोकांनी पाहिलं. त्यातला एक नैरोबीत होता.

जयंतीभाई त्याचं नाव. आजोबा जामनगरहून केनियात गेलेले, आता फरशांचा मोठा व्यापार, आणि तिथल्या लक्का क्लबाचे अध्यक्ष. त्यांचं पत्र आलं. क्लबाच्या वार्षिक प्रदर्शनात परीक्षक म्हणून यावं, सोबत भाभींना आणावं, दोघांचं तिकीट क्लब पाठवील. आणि प्रदर्शन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जयंतीभाई स्वतःच्या जीपमधून दोघांना मसाई माराच्या जंगलात नेतील. तिथं एका रात्रीचा मुक्काम. सिंह, हत्ती, पाणघोडे, जे काय असेल ते.

फारूखभाईंच्या बायकोनं, ताहेरानं, ते पत्र तीनदा वाचलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं एकही प्रवास दीड दिवसाच्या वर केला नव्हता, कारण "कबुतरांना कोण बघणार?" बहिणीच्या लग्नाला हैदराबादेत ती वलीम्याच्या जेवणाआधीच परतली होती. रोज सकाळी गच्ची झाडायची, टोपलंभर पिसं काढायची आणि खाली यायचं, हा तिचा आणि त्या पक्ष्यांचा संबंध.

"या लोकांनी घराला पहिल्यांदाच काही दिलं," ती म्हणाली. 'हे लोक' म्हणजे कबुतरं.

"लोक मला बोलावतायत," फारूखभाई म्हणाले.

"तेच ते."

हे दोघं घरात एरवी दखनी बोलत आणि भांडताना मराठी, कारण मराठीत शेजाऱ्यांनाही भाग घेता येतो. शेजारी म्हणजे रो-हाउस नंबर बारा, श्रीनिवास कस्तुरे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त. मुलगा श्रीरंग न्यू जर्सीला असल्यामुळं कस्तुरे दोनदा अमेरिकेला जाऊन आले होते, आणि त्या बळावर सगळ्या परदेशाचा कारभार त्यांच्याकडं आला होता. बातमी कळताच ते भिंतीवरून म्हणाले, "फारूखभाई, सिंहाला भिऊ नका. सिंह परवडला. विमानतळावर शिक्का मारणारा जो माणूस असतो ना, त्याला भ्या."

पण शिक्का मारायला आधी पासपोर्ट हवा. तिथं असं निघालं की फारूखभाई एक नसून तीन आहेत. शाळेच्या दाखल्यावरचा फारूख इंग्रजीत एका तऱ्हेनं लिहिलेला, आधारवरचा दुसऱ्या आणि पेन्शनच्या कागदांवरचा तिसऱ्या. सदतीस वर्षं ज्यानं सरकारी कागदांतल्या लोकांच्या चुका लाल शाईनं काढल्या, त्याच्या स्वतःच्या नावाला कुणी लाल शाई लावली नव्हती. तिन्ही फारूख मीच आहे, असं प्रतिज्ञापत्र त्यांना करून द्यावं लागलं. जन्मगावाच्या रकान्यात गावाचं नाव जन्मावेळचं लिहायचं की आजचं, यावर कस्तुऱ्यांनी पाऊण तास मत दिलं. शेवटी फारूखभाईंना आठवलं की आपण शहरात जन्मलोच नाही, खुलताबादजवळच्या खेड्यात जन्मलो. त्या खेड्याचं नाव बदलायचं कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

मग पोलीस चौकशी. हवालदार कारभारी घरी आले, पाणी प्यायले, वही उघडली.

"कशासाठी चाललात साहेब?"

"जज म्हणून बोलावलंय."

कारभारी खुर्चीतून उठून उभे राहिले आणि टोपी सारखी करू लागले. फारूखभाईंना ते बरं वाटलं. दोन-चार क्षण त्यांनी ते तसंच राहू दिलं, मग सचोटी आडवी आली.

"म्हणजे, कबुतरांचा जज."

कारभारी बसले. "कबुतरांचा? मंग कबुतरं काय वकील लावतेत का?"

"प्रदर्शन असतं हो. नंबर काढायचे असतात."

"व्हय? आन् त्याच्यासाठी आफ्रिका? आमच्या गावाकडं लई कबुतरं हायेत, मारुतीच्या देवळावर. त्यांचाबी निकाल लावा एकदा, लई घाण करतेत." वहीत त्यांनी काय लिहिलं ते दिसलं नाही, पण चौकशी पार पडली.

केनियाला जायचं तर पिवळ्या तापाची लस टोचावी लागते आणि ती मुंबईत मिळते. कस्तुरे म्हणाले, कुठल्याही दिवशी जा, परदेशात जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. नवरा-बायको गेले, तेव्हा कळलं की लस ठरलेल्या वारीच देतात आणि तो वार काल होऊन गेला. परत आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "अंड्यांची काही अॅलर्जी?"

"कुठल्या अंड्यांची?" फारूखभाईंनी विचारलं. "कबुतराच्या अंड्यांत आणि कोंबडीच्या..."

"नाही," ताहेरा मधेच म्हणाली. "यांना कशाचीच अॅलर्जी नाही. मला आहे, पण ती अंड्यांची नाही."

चौतीस लक्क्यांची जबाबदारी कस्तुऱ्यांनी घेतली. शैलावहिनींनी अट घातली की नवऱ्यानं गच्चीवर जाताना तोंडाला रुमाल बांधावा आणि आल्यावर बाहेरच्या नळावर आंघोळ करावी. कस्तुऱ्यांनी निघण्यापूर्वीचा शेवटचा सल्ला दिला तो मात्र फार महत्त्वाचा ठरला. "विमानतळावर इंग्रजी झाडायला जाऊ नका. अधिकाऱ्याला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. साध्या, सरळ हिंदीत सांगा."

मुंबईच्या विमानतळावर काचेमागच्या तरुण अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "किस काम से जा रहे हैं?"

फारूखभाई साध्या, सरळ हिंदीत म्हणाले, "साहब, पैंतीस साल से कबूतरबाजी करता हूँ. उसी सिलसिले में जा रहा हूँ."

पोलिसांच्या बोलीत कबूतरबाजी म्हणजे माणसं चोरून परदेशात पोचवण्याचा धंदा. हे फारूखभाईंना ठाऊक नव्हतं. ते ठाऊक झालं ते एका बिनखिडकीच्या खोलीत, दोन अधिकाऱ्यांसमोर. "और ये साथ में कौन है?" असं एकानं ताहेराकडं बघून विचारलं, तेव्हा ताहेरा म्हणाली, "मी यांची बायको. मला हे कधी कुठंच पोचवत नाहीत, म्हणून तर आज निघालोय."

फारूखभाईंनी बोलावण्याचं पत्र दाखवलं, तहरीमचा व्हिडिओ दाखवला. तरी अधिकाऱ्यांची शंका फिटेना. तेव्हा त्यांनी विषय मुळापासून समजावून द्यायचं ठरवलं आणि शेपटीच्या पिसांपासून सुरुवात केली. बाराव्या मिनिटाला मोठ्या अधिकाऱ्यानं शिक्का मारला. सुटका पुराव्यानं झाली असं फारूखभाई अजून मानतात.

नैरोबीत जयंतीभाई हार घेऊन उभे होते. पांढरा सफारी, कपाळावर गंध, आणि ताहेरासाठी एक मोठ्या काठाची गवती टोपी. "भाभी, जंगलमां काम लागशे," असं म्हणून त्यांनी ती तिच्या हातात दिली. ताहेरानं ती तिथंच, डोक्यावरच्या ओढणीवर घातली आणि पुढं चार दिवस फारशी उतरवली नाही.

मुक्काम एका गुजराती पाहुणघरात होता. आता पटेल हे आडनाव मराठवाड्यात पाटलाचं. गावची पाटीलकी ज्या मुसलमान घरांत होती ती घरं पटेल. पण पाहुणघराच्या आचाऱ्याला काय ठाऊक? त्याच्या चिठ्ठीवर 'मिस्टर आणि मिसेस पटेल' एवढंच होतं. त्यानं मोठ्या आपुलकीनं खिचडी-कढी केली. कांदा नाही, लसूण नाही. सकाळी ढोकळा, दुपारी उंधियू, संध्याकाळी पुन्हा खिचडी. पाहुण्यानं जेवणाबद्दल बोलू नये, हे फारूखभाईंचं तत्त्व. दुसऱ्या दिवशी आचारी विचारायला आला, "पटेलसाहेब, घर जेवुं लागे छे ने?" म्हणजे घरच्यासारखं वाटतंय ना? फारूखभाईंनी होकारार्थी मान हलवली आणि आपल्या हातानं परतीचे सगळे दोर कापले.

शनिवारी प्रदर्शन. एका शाळेच्या सभागृहात बासष्ट पिंजरे मांडलेले. फारूखभाईंनी लग्नातला कोट घातला होता, छातीला क्लबाचं निळं फूल लावलेलं. लोक त्यांच्यासाठी वाट मोकळी करत होते. पाटबंधारे खात्यात सदतीस वर्षांत त्यांच्यासाठी कुणी वाट मोकळी केली नव्हती. त्यामुळं ते जरा गरजेपेक्षा हळू चालत होते.

पण एकदा पक्षी हातात आला की त्यांची ही सगळी मिजास कुठल्या कुठं जायची. मग माणूस नुसता बघायचा. मानेचा बाक, पायांवरची पिसं, डोळा. दुपारपर्यंत बासष्टांतले साठ बाजूला झाले. उरले दोन. एक जयंतीभाईंचा पांढराशुभ्र नर, नाव बादशाह, पितळी पिंजऱ्यात. दुसरी एक काळसर मादी, केळ्यांच्या खोक्याला जाळी ठोकून आणलेली. तिची मालकीण म्वेंडे नावाची बाई होती. शाळेची बस चालवायची. सुट्टीचा दिवस असूनही गणवेशातच आली होती आणि खोक्यामागं हात बांधून उभी होती.

बादशाह उजवा होता, यात प्रश्नच नव्हता. मादीची शेपूट तेहतीस पिसांची, त्याची अडतीस. फारूखभाईंनी शेपूट पसरून मोजली. पुन्हा मोजली. उजव्या बाजूच्या चार पिसांवर त्यांचं बोट अडलं. रंग तोच, लांबी तीच, पण काहीतरी थंड होतं. वय झालं, बोटांचा भरवसा राहिला नाही, असंही त्यांना वाटून गेलं. त्यांनी वर पाहिलं. समोर पहिल्या रांगेत जयंतीभाई हसत बसले होते. शेजारी ताहेरा, डोक्यावर गवती टोपी, गळ्यात जयंतीभाईंनीच दिलेली दुर्बीण.

"ताहेरा," त्यांनी हाक मारली. "जरा इकडं ये."

परीक्षकानं बायकोला मंचावर बोलावण्याची त्या क्लबात पद्धत नसावी. सभागृहात कुजबूज झाली. ताहेरा आली. फारूखभाईंनी काही न सांगता शेपूट पुढं धरली. तिनं पहिल्या पिसाला अंगठा लावला, दुसऱ्याला लावला, मग त्या चारांपैकी एकाच्या मुळाशी नख नेलं.

"हे गळालेलं पीस आहे," ती हळूच म्हणाली. "चिकटवलंय."

"नक्की?"

"पस्तीस वर्षं झाडतेय मी. गळालेलं कुठलं आणि जिवंत कुठलं, ते तुमच्याआधी मला कळतं."

फारूखभाई तिच्याकडं झुकले. "ताहेरा, पक्षी जयंतीभाईंचा आहे."

"माहीत आहे."

"उद्याची जीप..."

ताहेरानं एकदा दुर्बिणीला हात लावला. मग म्हणाली, "निकाल पक्ष्याचा द्यायचाय. जीपचा नाही." आणि खाली जाऊन आपल्या खुर्चीवर बसली, जयंतीभाईंच्या शेजारीच, कारण दुसरी खुर्ची रिकामी नव्हती.

फारूखभाईंनी निकाल सांगितला. चिकटवलेली पिसं सापडल्यामुळं बादशाह बाद. पहिला नंबर केळ्यांच्या खोक्यातल्या मादीचा. इंग्रजी त्यांचं सरकारी असल्यामुळं ते 'सदर पक्षी', 'उपरोक्त शेपूट' अशा थाटात झालं, आणि त्यामुळंच बहुधा अधिक भयंकर वाटलं. जयंतीभाईंचा चेहरा आधी पांढरा, मग तांबडा झाला. त्यांनी उठून पितळी पिंजरा उचलला आणि ते बाहेर पडले. म्वेंडेला काय झालं ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशी ती धावत आली आणि तिनं फारूखभाईंऐवजी ताहेराला मिठी मारली.

रविवारी सकाळी नऊला दोघं पाहुणघराच्या पायरीवर बॅगा घेऊन बसले. साडेनऊ झाले. दहा झाले. जयंतीभाईंचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं.

"येतील," ताहेरा म्हणाली. "गर्दी असेल रस्त्याला."

"रविवारी?"

"मग आणखी काही असेल. थांबू या थोडं."

"थांबायचं कशाला? स्पष्ट आहे सगळं," फारूखभाई म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता आणि आचारी खिडकीतून बघत होता. "काल निकाल दिला, आज गाडी बंद. अगं, आमच्या खात्यात ठेकेदार असेच करायचे. बिलावर सही झाली नाही की दुसऱ्या दिवसापासून सलाम बंद. मी कारकुनी केली, लाचारी केली नाही. आफ्रिकेत येऊन करणार आहे का?"

"लाचारी करा म्हणत नाही मी. बसा म्हणते."

"बसणं हीच लाचारी!"

असं म्हणून ते उभे राहिले. उभं राहून पुढं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. तेवढ्यात फाटकाशी एक पिवळी शाळेची बस येऊन थांबली. म्वेंडे आभार मानायला आली होती, केळ्यांचा घड घेऊन. बॅगा बघून तिनं चौकशी केली. फारूखभाईंनी थोडक्यात आणि फार मानी इंग्रजीत सांगितलं, की जंगल बघायचं होतं, पण आता नाही. म्वेंडेनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "प्राणी बघायचेत ना? चला, मी दाखवते. माझ्या गावाकडं पुष्कळ प्राणी आहेत. आई पण खूश होईल."

"बघ!" फारूखभाई ताहेराला म्हणाले. "याला म्हणतात इज्जत."

बस फाटकाबाहेर पडली तेव्हा ताहेरा मागच्या काचेतून रस्त्याकडं बघत होती.

बेचाळीस सीटांच्या बसमध्ये दोनच माणसं. सीटा लहान मुलांच्या मापाच्या, त्यामुळं फारूखभाईंचे गुडघे हनुवटीशी आले. शहर संपेपर्यंत ताहेरानं दुर्बीण डोळ्याला लावूनच ठेवली होती. एका उकिरड्यावर माणसाएवढा उंच, टक्कल पडलेला एक करकोचा खांदे पाडून उभा होता. "हा पेन्शनर दिसतो," ती म्हणाली. बस सुटल्यापासून तिनं काढलेला तो पहिला शब्द. मग अडीच तास माळरान, बाभळी, लाल माती, गुरं. "हे तर पैठण रोडसारखं आहे," असं फारूखभाईंनी एकदा म्हणून पाहिलं. ताहेरानं दुर्बीण दुसऱ्या खिडकीकडं वळवली.

गाव आलं. म्वेंडेच्या आईनं दोघांचे हात हातात घेऊन स्वागत केलं आणि म्वेंडेनं कबूल केल्याप्रमाणं प्राणी दाखवले. अकरा शेळ्या होत्या. दोन गाई. एक गाढव. आणि घरामागं, लाकडी पेट्यांत, चाळीस कबुतरं.

"माझे प्राणी," म्वेंडे अभिमानानं म्हणाली.

ताहेरानं टोपी काढली, टोपीनंच वारा घेतला आणि पुन्हा घातली.

पुढचे तीन तास फारूखभाई गुंतून गेले. आशियातून जज आलाय म्हटल्यावर गावातले लोक आपापली कबुतरं, मग कोंबड्या, मग एक बदक घेऊन आले. त्यांनी कुणालाही परत पाठवलं नाही. बदकातलं आपल्याला कळत नाही, एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगितलं. जेवायला कोंबडी करायचं ठरलं तेव्हा फारूखभाईंनी ती आपल्या हातानं, बिस्मिल्ला म्हणून कापली. चार दिवसांच्या खिचडीनंतर तो रस्सा पोटात गेला आणि आपलं आजवर काहीच चुकलेलं नाही, असं त्यांना ठामपणे वाटू लागलं. ताहेरा म्वेंडेच्या आईशेजारी बसून मक्याचे दाणे सोलत होती. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण म्हातारीनं कबुतरांच्या पेट्यांकडं बोट दाखवून कपाळावर हात मारला, तेव्हा ताहेरानं जोरजोरात मान हलवली.

ऊन कलल्यावर बस परत निघाली आणि दिवेलागणीच्या आधी पाहुणघराशी पोचली. फाटकात जीप उभी होती. जीपच्या पायरीवर जयंतीभाई, शर्ट चुरगाळलेला, मांडीवर एक वेताची टोपली.

"तुम्ही कुठं गेला होता?" त्यांनी हिंदीत विचारलं. "मी साडेअकरापासून बसलोय."

फारूखभाई काही बोलायच्या आत त्यांनीच सांगायला सुरुवात केली. बादशाह त्यांनी दोन महिन्यांपूर्वी मोम्बासाच्या एका व्यापाऱ्याकडून घेतला होता. काल घरी जाऊन त्यांनी स्वतः ती पिसं ओढून पाहिली. "मी अध्यक्ष. आणि माझाच पक्षी खोटा. तुमच्यापुढं कुठल्या तोंडानं येणार? सकाळी आधी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडं नेला. म्हटलं, खरं-खोटं लेखी घेऊन मगच पाहुण्यांकडं जायचं. गडबडीत फोन दुकानात राहिला. डॉक्टर म्हणाला, जजनं बरोबर पकडलं, मी असतो तर फसलो असतो." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून दाखवली. "धावत आलो. तर आचारी म्हणतो, साहेब रागावून शाळेच्या बसनं गेले. तिथं जंगलातल्या लॉजवाल्यानं दुपारपर्यंत वाट बघितली आणि खोली दुसऱ्याला दिली. आता उद्या संध्याकाळी तुमचं विमान." ते थांबले. "पण तुम्ही बसनं काही पाहिलंत ना?"

फारूखभाईंनी आयुष्यात बऱ्याच वरिष्ठांना तोंड दिलं होतं. पण त्या वेळी आपल्या डाव्या बाजूला वळून बघण्याची त्यांची छाती झाली नाही. डाव्या बाजूला ताहेरा होती.

ताहेरानं मात्र आवाज चढवला नाही. तिनं जयंतीभाईंना विचारलं, "भाईसाब, या शहराला लागूनही एक जंगल आहे म्हणतात?"

"आहे ना. नैरोबीचंच. सिंह आहे, गेंडा आहे, जिराफ आहे. सकाळी सहाला उघडतं."

"जीपमध्ये डिझेल आहे?"

"टाकी भरलेली आहे, भाभी."

"मग सकाळी साडेपाचला या. तुमच्या मिसेसनाही आणा, गप्पा होतील." ती पायरी चढली आणि दारातून म्हणाली, "हे येणार नाहीत. यांचा अपमान झालाय."

साडेपाचला जीप आली आणि गेली. फारूखभाई कपडे करून, बूट घालून पायरीवर उभे होते, पण त्यांना कुणी चला म्हटलं नाही. जयंतीभाईंनी फक्त वेताची टोपली त्यांच्या हाती दिली. "याचं काही करता येईल?"

करता येण्यासारखं होतं. फारूखभाईंनी आचाऱ्याकडून कोमट पाणी मागवलं, बादशाहला पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि डिंक भिजवत बसले. ओढून काढलं तर पक्ष्याला दुखतं. पाणी लावायचं, थांबायचं, पुन्हा लावायचं. एकेका पिसाला दोन-दोन तास लागत होते. ऊन पायरीवर आलं. आचारी ढोकळा ठेवून गेला. कस्तुऱ्यांचे दोन निरोप आले: एका लक्क्यानं शैलावहिनींच्या चकल्यांवर घाण केली, आणि काळजी नसावी. बादशाह अधूनमधून मान मागं टाकून छाती पुढं काढायचा. शेपूट अर्धी भिजून लोंबत होती, पण त्याचं त्याला काही नव्हतं. फारूखभाईंनी त्या पुढं काढलेल्या छातीकडं बघितलं, आणि जीप गेली त्या रस्त्याकडं. मग काल बदकवाल्या माणसाला सांगितलं होतं त्याच आवाजात ते स्वतःशीच म्हणाले, "यातलं आपल्याला कळत नाही."

एक वाजता जीप परत आली. ताहेरा उतरली. तोंडावर, ओढणीवर लाल धूळ, टोपी एका बाजूला कललेली. ती येऊन शेजारी पायरीवर बसली.

तीन पिसं निघाली होती, चौथं राहिलं होतं.

"सिंह होता?" फारूखभाईंनी विचारलं.

"होता."

"किती लांब?"

"लांब कुठला? रस्त्यातच बसला होता. जीप थांबवावी लागली."

फारूखभाईंना राहवेना. "आयाळ कशी होती? गच्च होती की विरळ? आणि शेपटीचा गोंडा? अंगानं भरलेला होता का?"

ताहेरानं आठवून पाहिलं. "काही बघितलं नाही," ती म्हणाली. "त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग तो उठून गेला."

ताहेरानं गळ्यातली दुर्बीण काढून पायरीवर ठेवली, बाह्या वर केल्या आणि पक्षी दोन्ही हातांत नीट धरला. "हं, काढा," ती म्हणाली. "हळू."